निकाल लागेपर्यंत खायचं काय? अंतरिम पोटगीची गोष्ट

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण त्यात कुणाच्या तरी घरचा किराणा, खोलीचं भाडं आणि पोराची फी अडकलेली असते. विषय आहे अंतरिम पोटगी. म्हणजे नवरा-बायकोचा खटला चालू असताना, अंतिम निकाल लागायच्या आधी, ज्याच्याकडे पुरेसं उत्पन्न नाही त्याला आणि मुलांना दरमहा मिळणारी रक्कम.

पोटगी म्हटलं की सगळे "किती?" विचारतात. पण या इतिहासात त्याहून मोठा प्रश्न आहे "कधीपासून?"

सुरुवात इंग्रजांच्या काळात. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. टाकून दिलेली बायको-मुलं उपासमारीने रस्त्यावर येऊ नयेत, त्यातून भीक आणि गुन्हे वाढू नयेत, असा सरकारी विचार. म्हणून तर पोटगीसारखी घरातली गोष्ट फौजदारी कायद्यात जाऊन बसली. कमाल मर्यादा महिन्याला ५० रुपये. वाढत वाढत १९५५ मध्ये ती ५०० झाली. १९७३ ला नवी संहिता आली, कलम ४८८ चं कलम १२५ झालं, पण मर्यादा ५०० वरच थांबली.

आणि खरी गोची पुढेच आहे. अंतरिम पोटगीबद्दल या कलमात एक अक्षर नव्हतं. अर्ज करा, साक्षी, उलटतपासणी, तारखांवर तारखा, मग आदेश. तोवर काय खायचं, याचं उत्तर कायद्यात नाही.

दुसरं एक दार होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. घटस्फोटाचा दावा चालू असताना दरमहा रक्कम आणि कोर्टखर्च मागता येतो. इथे रुपयांची मर्यादा नाही. आणि गंमत म्हणजे बायकोच नाही, नवराही मागू शकतो. त्याच्या एक वर्ष आधीच्या विशेष विवाह कायद्यात मात्र हा हक्क फक्त बायकोला आहे. पण कलम २४ चं दार दावा दाखल झाल्यावरच उघडतं. नवऱ्याने नुसतंच घराबाहेर काढलंय, घटस्फोट कुणीच मागितलेला नाही, अशा बाईला कलम १२५ कडेच जावं लागायचं.

आता १९८५ मध्ये या. शाहबानो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २३ एप्रिलचा तो निकाल देशभर गाजला. ज्या रकमेवरून एवढं रान पेटलं ती होती महिन्याला १७९ रुपये २० पैसे! पण त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. न्यायालय म्हणालं, कलमात लिहिलेलं नसलं तरी न्यायदंडाधिकारी अंतरिम पोटगी देऊ शकतो. युक्तिवाद सोपा होता. ज्या माणसाला जगवण्यासाठी कलम केलं, त्याच्याकडे निकालापर्यंत तग धरण्याची सोयच नसेल, तर त्या कलमाचा उपयोग काय?

हे कायद्याच्या मजकुरात यायला १६ वर्षं लागली. मधल्या काळात, १९९९ मध्ये, महाराष्ट्राने आपल्यापुरती मर्यादा १५०० रुपये केली. २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली, अंतरिम पोटगी स्पष्ट लिहिली, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढा असंही सांगितलं.

"शक्यतो" या शब्दाची किंमत बघायची असेल तर नागपूरला चला. सप्टेंबर २०१३ मध्ये एका आईने तिथल्या कौटुंबिक न्यायालयात स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. आदेश आला ऑगस्ट २०१५ मध्ये. ६० दिवस कुठे आणि जवळपास दोन वर्षं कुठे! आदेश होता आईला महिना १५,००० आणि मुलाला ५,०००, दोन्ही १ सप्टेंबर २०१३ पासून. सप्टेंबर २०१५ पासून मुलाचे १०,०००. आता मागच्या २४ महिन्यांचा हिशोब करा. वीस हजार गुणिले चोवीस, म्हणजे ४ लाख ८० हजार. आदेशाच्या तारखेपासून पोटगी दिली असती तर यातला एक रुपयाही मिळाला नसता. आणि कायद्यात दोन्ही पर्याय होते: आदेशापासून किंवा अर्जापासून. कोर्टागणिक वेगळं चालायचं.

हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० ला देशभरासाठी नियम ठरला: पोटगी अर्जाच्या तारखेपासून. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. एकाच वेळी दोन कायद्यांखाली अर्ज केला असेल तर आधी मिळालेली रक्कम सांगायची, म्हणजे ती हिशोबात धरता येईल.

मग "किती?" आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना इथे फॉर्म्युला हवा असतो. "पगाराच्या २५ टक्के" असं व्हॉट्सॲपवर फिरतंही. २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्क्यांचा उल्लेख आहे, हे खरं. पण २०२० च्या निकालाने स्पष्ट केलं की ठरावीक साचा नाही. दोघांचं राहणीमान, गरजा, शिक्षण, खरं उत्पन्न, देणारा आणखी कुणाला सांभाळतो, हे सगळं बघायचं. बायको शिकलेली आहे, कमवू शकते, एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही. कमवू शकणं आणि कमावणं या दोन गोष्टी आहेत. मुलांसाठी जेवण-कपडे, औषधपाणी, शाळा, क्लास सगळं मोजायचं. आईची कमाई पुरेशी असेल तर तो खर्च दोघांत प्रमाणात वाटायचा.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. नंबर बदलला, ६० दिवस तेच आहेत, आणि "शक्यतो" सुद्धा तिथेच आहे. म्हणून तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली, तर एवढं नक्की सांगा: अर्ज लांबवू नका. घड्याळ अर्जाच्या तारखेपासून चालू होतं, आणि भूक त्याच्याही आधीपासून.

भेटू पुढच्या भागात!