जॅक्सनसाहेबांची भुतावळ

नाशिकमध्ये कलेक्टर जॅक्सन हे नाव एका तारखेला कायमचे बांधले गेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना राजद्रोहाच्या खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि त्या प्रकरणात कलेक्टर म्हणून जॅक्सन यांचा हात होता. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. शहरातले मोठे मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

हा इतिहास नाशिककरांना नवा नाही. मला सांगायचे आहे ते जॅक्सन यांच्या मागे राहिलेल्या कागदांविषयी. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती ते चिकाटीने गोळा करत होते. त्यांच्या मृत्यूनंतर हे साहित्य रेजिनाल्ड एडवर्ड एंथोव्हेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने हाती घेतले आणि त्यातून ‘फोकलोअर नोट्स’ नावाचे दोन इंग्रजी खंड निघाले. गुजरातचा खंड १९१४ साली आला, कोकणचा १९१५ साली. कोकणच्या खंडात भुतांची जी माहिती आहे, तिच्याइतकी शिस्तशीर जुनी यादी माझ्या पाहण्यात दुसरी नाही. मुंजा कोठे राहतो, हडळ कोणाला धरते, देवचाराला वर्षातून एकदा काय द्यायचे, हे सगळे तीत आहे.

मी या खंडापर्यंत पोहोचले ती एका खेळामुळे.

राक्षसांची पुस्तके

गेली काही वर्षे आम्ही सहाजण रविवारी कॉलेज रोडवरच्या एका घरी जमतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जातीचा खेळ खेळतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात पट लागतोच असे नाही. प्रत्येकजण एक पात्र घेतो, एकजण गोष्ट चालवतो, आणि पात्राने काही धाडस केले की ते साधले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट पुढे कोठे जाईल हे चालवणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती हजार प्रतींची, एका खोक्यात तीन पुस्तिका अशी, हाताने भरलेली होती. लेक जिनिव्हा या गावात १९६८ पासून ‘जेन कॉन’ नावाचे खेळगड्यांचे संमेलन भरू लागले होते. त्याच वर्तुळातून हा खेळ वर आला. वारकरी जशी पंढरीहून तुळशीची माळ आणतो तसे या संमेलनांतून लोक बिल्ले, फासे आणि सह्या घेतलेली पुस्तके घरी आणतात व वर्षानुवर्षे जपतात. पण या छंदातली सर्वांत आवडती वस्तू म्हणजे राक्षसांचे पुस्तक. १९७७ साली गायगॅक्स यांचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ आले. त्यात साडेतीनशेहून अधिक प्राणी, पिशाच्चे आणि दैत्य आहेत. प्रत्येकाची नोंद ठरावीक रकान्यांत आहे: किती वेळा आढळतो, एका वेळी किती भेटतात, किती मार सोसतो, बुद्धी किती, जवळ धन कसले.

या पुस्तकात आपला राक्षसही आहे. त्याला वाघाचे डोके दिले आहे आणि मंत्रून घेतलेल्या बाणाने तो मरतो. आमच्या गटातल्या सगळ्यांना हे चित्र पाहून हसू आले. रामलीलेपासून दशावतारापर्यंत इतके राक्षस पाहिलेल्या माणसाला तो परक्या मुलखातला वाटतो. तेव्हा आपली भुते आपणच लिहून काढावीत असे ठरले आणि एक शंभर पानी वही आणली. घरी केलेली राक्षसवही हा प्रकार या छंदात जगभर चालतो. लंडनहून १९७७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात वाचकांनी रचलेल्या राक्षसांचे सदर होते. त्यातल्या निवडक नोंदींना इतरांची भर घालून डॉन टर्नबुल यांनी १९८१ साली ‘फीन्ड फोलिओ’ हे पुस्तक संपादित केले. त्यातल्या काही गाजलेल्या राक्षसांचा कर्ता चार्ल्स स्ट्रॉस तेव्हा किशोरवयीन मुलगा होता. पुढे तो कादंबरीकार झाला. कोणता राक्षस कोणी रचला याची दखल त्या पुस्तकाने घेतली आहे. ही गोष्ट मला नंतर फार महत्त्वाची वाटली.

मास्तरांची उत्तरे

‘फोकलोअर नोट्स’ची घडण याच जातीची आहे. विल्यम क्रुक या अभ्यासू अधिकाऱ्याने लोकसमजुतींविषयी एक प्रश्नावली तयार केली होती. ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली. सूर्याची पूजा कशी करतात, विहिरीत कोण राहते, दृष्ट कशी काढतात, भुतांचे प्रकार किती, असे प्रश्न होते. मास्तरांनी गावात विचारून, आठवून उत्तरे लिहिली. ती उत्तरे एकत्र गुंफून हे खंड झाले.

म्हणजे कोकणच्या भूतसंग्रहाचे खरे लेखक रत्नागिरी, कुलाबा, ठाणे आणि कोल्हापूर भागातले प्राथमिक शिक्षक आहेत. मुखपृष्ठावर संपादक एंथोव्हेन आणि संग्राहक जॅक्सन यांची नावे आहेत. मास्तर तळटिपांत आहेत. गुजरातच्या खंडात पुष्कळ ठिकाणी त्यांची नावे तरी दिली आहेत. कोकणच्या खंडात बहुतेक ठिकाणी नुसते ‘शाळामास्तर’, पुढे गाव आणि जिल्हा. मास्तरांच्याही मागे ज्यांनी त्यांना सांगितले ती माणसे आहेत: बाळंतपणे करणारी सुईण, गावाची राखण जाणणारा गुरव, नदीवर जाळे टाकणारा भोई. त्यांना तळटीपही मिळालेली नाही.

हा सरकारी उद्योग होता आणि सरकारला आपली प्रजा ओळखून हवी होती, हे विसरता येत नाही. ज्या दप्तरातून बाबारावांच्या खटल्याचे कागद गेले, त्याच दप्तराच्या मानकऱ्याकडे मुंजाची आणि समंधाची माहिती येत होती. तरीही मास्तरांनी लिहिले ते हुकमाची तामिली म्हणून उरकलेले वाटत नाही. एकाच भुताविषयी दोन गावांची उत्तरे वेगळी पडतात आणि संपादकाने ती बहुधा तशीच शेजारी ठेवली आहेत. त्या फरकांत गावांचा आवाज उरला आहे.

कोण कशाने मेले

आमच्या वहीसाठी मी ही यादी मराठीत उतरवू लागले. कोकणात भुतांचे दोन वर्ग मानतात, घरची आणि बाहेरची. घरची म्हणजे इच्छा अपुरी राहून गेलेले आपलेच कोणी. बाहेरच्यांचा राजा वेताळ. मुंजा हा मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी वारलेला ब्राह्मण मुलगा. तो पिंपळावर किंवा विहिरीत राहतो. समंध म्हणजे निपुत्रिक मेलेला किंवा धनात जीव अडकलेला. ब्रह्मग्रह म्हणजे विद्या होती पण तिचा ताठा सुटला नाही असा ब्राह्मण. देवचार हा लग्न झाल्यानंतर वारलेला, शूद्र गणल्या गेलेल्या जातीतला पुरुष. खवीस हे मुसलमानाचे किंवा सिद्दीचे भूत समजत. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि रात्री उतारूला पाण्याच्या खोलीचा चकवा देतो. बायकांमध्ये जखीण ही नवऱ्यामागे न राहता आधी गेलेली सवाष्ण, लावसट ही विधवा, आणि हडळ ही बाळंतपणात किंवा बाळंतपणानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई.

एवढे लिहून झाल्यावर वही बाजूला ठेवावी लागली. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ प्राण्यांच्या कोशासारखे वाचता येते. ही यादी मात्र मृत्यूच्या नोंदवहीसारखी वाचली जाते. यातला एकही जन्माने भूत नाही. प्रत्येकजण कोणाचा तरी मुलगा, बायको, शेजारी होता आणि त्याचे काहीतरी पुरे व्हायचे राहिले: मुंजीनंतरचे लग्न, वंश, अन्न, मान. समाजाने जिवंतपणी जातीची, वैधव्याची, परकेपणाची जी रेघ ओढली, ती मेल्यावरही पुसली गेली नाही. ब्राह्मणाचे भूत वेगळे, शूद्राचे वेगळे, सिद्दीचे वेगळे.

आमच्यातली एकजण प्रसूतिगृहात परिचारिका आहे. हडळीच्या पानावर ‘किती मार सोसते’ हा आकडा लिहायला तिने नकार दिला. तिचे म्हणणे साधे होते. रक्तस्राव होऊन किंवा ताप चढून गेलेली ती बाई. तिला आपण तलवारीने का मारायचे? त्या रविवारी खेळ झाला नाही, वादच झाला. एकजण म्हणाला, भीती काढून घेतली तर भुताचे उरते काय. त्याचेही खोटे नव्हते.

मारायचे की विचारायचे

वाद मिटला तो मास्तरांच्याच उत्तरांनी. त्या यादीत भुते मारायचा उपाय शोधून सापडत नाही. देवचाराला वर्षाला नारळ, केळी, साखर, कोंबडा द्यायचा असतो; त्या बदल्यात गावाच्या चारी बाजूंनी तो राखण करतो. गिऱ्ह्याचा केस हाती लागला तर तो चाकरी करतो आणि केस परत मिळताच सुटतो. भगतापुढे झाड धरल्यासारखे घुमणाऱ्याला पहिल्यांदा विचारतात ते तू कोण, कुठला, तुला काय पाहिजे. खेळाच्या भाषेत सांगायचे तर इथला सगळा व्यवहार कराराचा आहे. करार मोडला की त्रास, पाळला की राखण. आमच्या वहीतला मार सोसण्याचा रकाना आम्ही खोडला आणि तेथे दोन रकाने घातले: ‘काय राहून गेले’ आणि ‘काय दिले तर जाईल’.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘तुला काय पाहिजे’ हाच प्रश्न खऱ्या आयुष्यात पुष्कळदा आजारी बाईला छडीने मारत विचारला गेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झगडले तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर आधी अध्यादेश म्हणून आला आणि त्याच वर्षाअखेर विधिमंडळाने मंजूर केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेली मारहाण त्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. खेळात आम्ही तीन तास भूत खरे मानतो आणि फासे डबीत गेले की सोडून देतो. ज्याच्या घरी ते सोडता येत नाही, त्याला डॉक्टरकडे न्यायचे असते.

नाशिकचे पान

जॅक्सन नाशिकचे कलेक्टर होते, पण त्यांच्या कागदांतून निघालेले दोन खंड गुजरातचे आणि कोकणचे. नाशिक जिल्ह्याला तसा खंड मिळाला नाही. आपल्याकडची भुतावळ शोधायची तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ पट्ट्यात आणि सह्याद्रीपलीकडे मोखाडा-जव्हारकडे बोहाड्याला जावे लागते. तेथे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून रात्रभर एकेक सोंग मशालींच्या उजेडात नाचत येते: गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ, आणि देवीशी झुंजणारा महिषासुर. संबळ थांबत नाही. गावागावांत सोंगे ठरावीक घरांकडे चालत आलेली असतात. बापाचे सोंग मुलगा घेतो. पात्र घेणे, त्याचे नियम पाळणे आणि पहाटे ते उतरवून ठेवणे हा खेळ १९७४ साली जन्मला असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

ही सोंगे आमच्या वहीत घ्यायचा मोह झाला होता. पण ज्या घराचे सोंग, त्या घराला विचारल्याशिवाय त्याचे पान लिहायचे नाही असे आम्ही ठरवले. म्हणून वहीची शेवटची काही पाने कोरी आहेत. भरलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ आहे: कोणी सांगितले, कोणत्या गावचे. मुंजाच्या पानावर एका खेळाडूच्या मामाचे नाव आहे, गिऱ्ह्याच्या पानावर दुसऱ्याच्या आजीचे. आजी गुहागरची. तिने सांगितलेला गिऱ्हा खंडातल्या गिऱ्ह्यापेक्षा थोडा निराळा निघाला. तो केस मागत नाही, वाट विचारतो. आम्ही दोन्ही लिहून ठेवले आहेत, मास्तरांच्या उत्तरांसारखे शेजारी शेजारी.