बदली आष्टीला झाली, घर कुठं घ्यायचं?

नियुक्तीच्या आदेशात 'आष्टी' असं वाचलं की आधी जिल्हा बघा. महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच आहेत. बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका सगळ्यांना माहीत आहे. जालन्यात परतूरजवळ एक आष्टी आहे, सोलापुरात मोहोळ तालुक्यात एक आणि गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात एक. आम्ही इथे लिहितोय ते वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या आष्टीबद्दल. 16 ऑगस्ट 1942 ला इथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तेव्हापासून लोक 'शहीद आष्टी' म्हणतात. पत्रावर, पार्सलवर आणि ऑनलाइन अर्जातही जिल्हा लिहायला विसरू नका.

गेल्या काही वर्षांत पवित्र पोर्टलवरून निवड झालेली मराठवाड्यातली बरीच मुलं-मुली विदर्भात रुजू झाली आहेत. त्यात आपल्या समाजातले शिक्षक आहेत, शिवाय आरोग्य सेविका, तलाठी, बँकेतले, वीज कंपनीतले कर्मचारीही आहेत. त्यांचा पहिला प्रश्न जवळपास सारखाच असतो. शाळा किंवा ऑफिस आष्टी तालुक्यात, मग राहायचं आष्टीत, तळेगावात, आर्वीला की सरळ अमरावतीला? काही जण फक्त एकच गोष्ट बघतात, 'आपला मोहल्ला कुठे आहे'. ती गोष्ट महत्त्वाची आहेच, पण एकटी तीच बघून घेतलेलं घर महिन्याच्या शेवटी फार महाग पडतं. ते कसं, ते खाली हिशेबानं मांडलंय.

चार ठिकाणं

आष्टी हे तालुक्याचं गाव. तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणं, शाळा, आठवडी बाजार सगळं आहे. मोठं शहर मात्र नाही, रेल्वे नाही. साहूर, माणिकवाडा, अंतोरा, लहान आर्वी अशा गावांत नेमणूक असेल तर आष्टी हा सगळ्यात सोयीचा मुक्काम.

तळेगाव, म्हणजे तळेगाव (शामजीपंत), हे याच तालुक्यातलं, पण नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावरचं. हा रस्ता पूर्वी 6 नंबरचा होता, आता 53 आहे. आष्टीपासून साधारण 14 किलोमीटर. गाडी पकडायला हे सगळ्यात चांगलं, कारण नागपूर-अमरावतीच्या बसेस इथूनच जातात. ज्यांना दर शनिवारी गावी पळायचं असतं त्यांना तळेगाव आवडतं. रात्रभर ट्रकांचा आवाज सहन करायची तयारी हवी.

आर्वी ही जुनी कापसाची बाजारपेठ. नगरपालिका, कोर्ट, कॉलेज, उपविभागीय कार्यालय आणि उपजिल्हा रुग्णालय इथे आहे. आष्टीपासून अंदाजे 28 किलोमीटर. मुस्लिम वस्ती मोठी आहे. मुलं मोठी असतील, घरात म्हातारे अम्मी-अब्बा असतील, तर आर्वीचा विचार करावाच लागतो. एके काळी पुलगावहून आर्वीपर्यंत छोटी रेल्वे होती. ती बंद झाली, त्यामुळे 'आर्वीला स्टेशन आहे ना?' या प्रश्नाचं उत्तर आता 'नाही' असंच आहे.

चौथं ठिकाण अमरावती, साधारण 70 किलोमीटर. वर्धा शहर तर 80 च्या पुढे, म्हणून रोज येणं-जाणं करणारे शक्यतो अमरावतीच निवडतात.

हिशेब मांडूनच बघा

महिन्याचे 25 कामाचे दिवस, मोटारसायकल लिटरला 50 किलोमीटर, पेट्रोल लिटरला नुसते 100 रुपये धरू. खरा भाव त्याहून जास्त आहे. अमरावतीहून रोज ये-जा केली तर महिन्याचे 3,500 किलोमीटर होतात, 70 लिटर पेट्रोल, म्हणजे 7,000 रुपये. आर्वीहून 1,400 किलोमीटर आणि 2,800 रुपये. तळेगावहून 700 किलोमीटर आणि 1,400 रुपये. टायर, सर्व्हिसिंग, पाठदुखी यांचा खर्च वेगळा.

आता दुसरी बाजू. नवीन शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन 2023 पासून 16,000 रुपये आहे आणि त्यात वेगळा घरभाडे भत्ता नसतो. सोळातले सात हजार पेट्रोलला गेले, वर अमरावतीचं भाडं गेलं, तर घरी पाठवायला काय उरणार? तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी लागल्यावर भत्ता सुरू होतो. पण तो तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही, नेमणूक कुठे आहे यावर ठरतो. अमरावती 'वाय' वर्गात येते, तिथला दर मूळ वेतनाच्या 20 टक्के. आष्टी 'झेड' वर्गात, दर 10 टक्के. म्हणजे राहायचं शहराच्या भावात आणि भत्ता घ्यायचा खेड्याचा. हे पुष्कळांना पहिली स्लिप हातात पडल्यावरच कळतं.

बाई नोकरीला असतील आणि एसटीनं जाणार असतील तर गणित थोडं हलकं होतं, कारण 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. फक्त संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालते का, हे डेपोत स्वतः जाऊन विचारा. शाळा बंद असताना काही फेऱ्या कमी होतात.

मुख्यालयाचा प्रश्न

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मुख्यालयी राहण्याचं बंधन आहे. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. शिक्षक संघटनांनी याला सतत विरोध केला आहे आणि त्यांचं एक म्हणणं खरंच आहे की छोट्या गावात किरायानं द्यायला धड घरच नसतं. तरीही कागदावर एका गावात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या गावात राहणं हे डोक्यावरची टांगती तलवार ठेवण्यासारखं आहे. तक्रार झाली की भत्त्याची वसुली निघते. आमचं मत असं की पहिल्या वर्षी तरी शाळेच्या गावात, नाहीतर आष्टीत खोली घ्या. नोकरी नवी असताना सरपंच, पालक, केंद्रप्रमुख यांच्याशी ओळख होणं हे अमरावतीच्या फ्लॅटपेक्षा जास्त कामाचं.

नवरा-बायको दोघं जिल्हा परिषदेत शिक्षक असतील तर एक आकडा लक्षात ठेवा, 30 किलोमीटर. बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाचा प्राधान्यक्रम दोघांच्या शाळांत त्यापेक्षा जास्त अंतर असेल तरच मिळतो. एक आष्टीत आणि दुसरा आर्वीजवळ असेल तर अंतर या रेषेच्या अगदी आसपास येतं. मग तळेगाव हे दोघांच्या मधलं गाव म्हणून सोयीचं ठरतं, आणि तिथून दोघांनाही रोजचा प्रवास झेपतो.

घर मिळताना

हे सरळच बोलू. मुस्लिम नाव ऐकलं की 'घर आत्ताच गेलं' असं उत्तर काही ठिकाणी मिळतं. शहरात जास्त, पण तालुक्याच्या गावातही मिळतं. राज्यघटनेचं कलम 15 धर्मावरून भेदभाव करायला शासनाला मनाई करतं, खासगी घरमालकाला त्यानं थेट बांधता येत नाही. म्हणून भांडत बसण्यापेक्षा वेळ वाचवण्याचे रस्ते शोधलेले बरे. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव, नोकरी, घरात किती माणसं हे सांगून टाका. नकार यायचा तर फोनवर येऊ द्या, 28 किलोमीटर उन्हात जाऊन येण्यापेक्षा ते परवडलं. शाळेतल्या किंवा ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला सोबत न्या, त्याच्या शब्दावर दार उघडतं. शासकीय निवासस्थान रिकामं असेल तर आधी त्याचा अर्ज करा. तिथे नाव बघून कोणी अडवू शकत नाही, भत्ता तेवढा मिळत नाही.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. 'आपल्याच माणसाचं घर आहे, कागद कशाला' म्हणून तोंडी व्यवहार करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करारच नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. 11 महिन्यांचा स्टॅम्प पेपर केला की नोंदणी लागत नाही हा गैरसमज आहे. नोंदणी ऑनलाइन होते, ग्रामीण भागात नोंदणी फी 500 रुपये. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकानं दिली का, तेही स्वतः विचारून घ्या. पुढे पासपोर्टला, आधारचा पत्ता बदलायला हाच करार कामी येतो.

एक छोटी गोष्ट भाषेची. इथे 'भाड्यानं खोली' म्हणण्यापेक्षा 'किरायानं खोली' म्हटलं की लगेच कळतं. डिपॉझिटला ॲडव्हान्स म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला दोन-चार महिने वऱ्हाडी बोलणं जरा अंगावर आल्यासारखं वाटेल, पण 'काहून बावा' हे प्रेमानंच असतं.

घर बघायचं ते एप्रिल-मे मध्ये, दुपारी

पावसाळ्यात प्रत्येक घर चांगलं दिसतं. विदर्भाचा उन्हाळा 45 अंशांच्या आसपास जातो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते. तळमजला किंवा जुनं कौलारू घर मिळालं तर सोडू नका. कूलरला खिडकी आहे का, नळाला पाणी किती दिवसाआड, विहीर-बोअर उन्हाळ्यात टिकते का, हे शेजारणीला विचारा, मालकाला नको. हा संत्र्याचा आणि जंगलाचा भाग आहे. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर रोही, रानडुक्कर आडवं येतं, बिबट्याची भीतीही असते. त्यामुळे संध्याकाळी उशिरापर्यंत ड्युटी असणाऱ्यांनी, विशेषतः आरोग्य केंद्रातल्या भगिनींनी, कामाच्या गावापासून लांब घर घेऊच नये.

मुलं, दवाखाना, जुमा

मुलांची शाळा मध्येच बदलावी लागली तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार आठवीपर्यंत टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्यातही नाही. उर्दू माध्यम हवं असेल तर 'शाळा आहे का' एवढंच विचारून भागत नाही. कितवीपर्यंत वर्ग आहेत आणि त्यापुढे मुलगी कुठे जाणार, हे विचारा. चौथीनंतर किंवा आठवीनंतर 28 किलोमीटर जावं लागणार असेल तर शाळा सुटण्याचा धोका मुलींनाच जास्त असतो. तसं असेल तर घर आताच आर्वीच्या बाजूला घेणं योग्य, मग तुमचा प्रवास वाढला तरी चालेल.

दवाखान्याचं: मोठ्या आजाराला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, दोन्ही वर्धा शहराजवळ. म्हणजे आष्टीहून दीड-दोन तास. घरात हृदयाचा, डायलिसिसचा रुग्ण किंवा दिवस भरत आलेली बाई असेल तर हे अंतर सगळ्यात आधी मोजा, भाडं नंतर.

जुम्याची नमाज, हलाल मटण, कब्रस्तान या गोष्टी आष्टीत नव्यानं शोधाव्या लागत नाहीत. आष्टीत मुसलमानांची वस्ती मोगल काळापासूनची आहे. जहांगीर बादशहानं हा परगणा मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला जहागीर म्हणून दिला. तोही एका अर्थानं नोकरीवरच दख्खनमध्ये आला होता. त्यानं आष्टीत बस्तान बसवलं, ओसाड जमीन लागवडीखाली आणली आणि 1627 मध्ये वारल्यावर इथेच दफन झाला. मुलगा अहमद खान 1651 मध्ये गेला. दोघांचे मकबरे शेजारी-शेजारी आजही उभे आहेत, बापाचा मोठा, मुलाचा लहान. आतल्या खेड्यात नेमणूक असलेल्यांनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत आष्टीला जाऊन परत येता येतं का, ते मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावं.

शेवटी कागदांचं. घर ठरलं की मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना 8 भरा. रेशन कार्ड लगेच बदलता आलं नाही तरी 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून धान्य उचलता येतं, आधार जोडलेलं असलं की झालं. आणि पहिले सहा महिने सगळं सामान आणू नका. एक कूलर, दोन गाद्या, गॅस एवढ्यावर भागवा. सहा महिन्यांत उन्हाळा किंवा पावसाळा, दोन्हींपैकी एक तरी बघून होतो, मग मोठं घर घ्यायचं की नाही ते ठरवा.