डिंकासाठी मोहीम

सप्तवार्षिक युद्ध शिकवताना आम्ही शिक्षक प्लासी सांगतो, क्वेबेक सांगतो, तोवर तासाची घंटा होते. सेनेगल राहूनच जाते. १७५८ साली इंग्रजांनी तिथले सेंट लुई हे ठाणे फ्रेंचांकडून घेतले. गुलामांचा व्यापार हे त्यामागचे एक कारण होतेच. दुसरे होते डिंक.

आपल्या बाभळीच्या जातकुळीतल्याच एका झाडाचा हा डिंक. सहाराच्या कडेला कोरडे वारे सुटले की झाडांची साल सोलून तो काढीत. झाडांवर हक्क मूर टोळ्यांचा, काट्यांत हात घालणारे मात्र बहुतेक त्यांचे गुलाम.

इंग्लंडला त्याची एवढी निकड का? तर हिंदुस्थानी छिटांच्या धर्तीवर तिकडे कापड छापण्याचे कारखाने निघाले होते. नुसता पातळ रंग कापडावर फुटतो. डिंकाने तो दाट झाला की ठशाची रेघ जागच्या जागी राहते. आपल्या छिप्यांना हे शिकवावे लागले नव्हते.

ही मोहीम मंत्री पिट यांच्या गळी उतरवली टॉमस कमिंग या व्यापाऱ्याने. गृहस्थ क्वेकर, म्हणजे शस्त्र निषिद्ध मानणाऱ्या पंथाचा! व्यापाराने धर्मावर केलेली अशी मात इतिहासात नवी नाही, तरी खटकतेच.

१७६३ च्या पॅरिसच्या तहात इंग्रजांनी गोरे बेट परत दिले, सेनेगल ठेवले. १७८३ साली तेही फ्रेंचांना परत करावे लागले. त्या तहातही उत्तरेच्या किनाऱ्यावर डिंक खरेदी करण्याचा हक्क मात्र त्यांनी लिहून घेतला.