गुलाबाचे पाणी, कस्तुरीचे मोल

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आरती झाली की चांदीची अत्तरदाणी फिरते. कापसाचा फाया पालथ्या हातावर टेकवायचा, गुलाबदाणीतून दोन शिंतोडे उडवायचे आणि मग फराळाची ताटे. तीन-चार वर्षांपूर्वी त्या अत्तरदाणीत भरण्यासाठी मी जुन्या पेठेतल्या एका दुकानातून एक कुपी आणली. तिच्यावर 'गुलाब-कस्तुरी' असे लिहिले होते. दुकानदार म्हणाला, "हे थंडीतलं अत्तर. उन्हाळ्यात लावू नका, डोकं धरेल." मी सहज विचारले, "यात कस्तुरी खरी आहे का?" तो हसला. "साहेब, खरी असती तर मी इथे गादीवर कशाला, तुरुंगात बसलो असतो."

त्या उत्तराने मला कामाला लावले. हा गंध आपण परंपरेचा म्हणून मिरवतो. त्यातले परंपरेचे नेमके काय आहे, आणि 'खरी कस्तुरी' हा शब्द आपल्याला इतका का भुलवतो, याचा शोध म्हणजे हा लेख.

आधी दुकानदाराच्या पहिल्या वाक्याकडे पाहू. सुगंधाला ऋतू असतो, हे त्याचे म्हणणे फार जुने आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येत हेमंतासाठी केशरात कस्तुरी मिसळून अंगाला लावावी आणि अगरूचा धूप घ्यावा, असे सांगितले आहे. उन्हाळ्यासाठी तिथे चंदन आणि कापूर येतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपनाचा, म्हणजे उटीचा, स्वतंत्र विचार आहे आणि तोही ऋतूंच्या अनुषंगाने केलेला आहे.

आजचे रसायनशास्त्र या अनुभवाला दुजोरा देते. गुलाबाच्या गंधातले बरेच घटक हलके असतात आणि लवकर उडून जातात. कस्तुरीतला मुख्य गंधघटक मस्कोन जड असतो, तो सावकाश उडतो आणि आपल्याबरोबर इतर गंधांनाही धरून ठेवतो. हवा गार असली की उडण्याचा वेग आणखी मंदावतो. म्हणून कस्तुरीचा जो भपकारा उन्हात असह्य होतो, तोच थंडीतल्या संध्याकाळी अंगावरच्या शालीसारखा उबदार वाटतो.

जुन्या संस्कृत गंधशास्त्रात कस्तुरी, चंदन, अगरू, कापूर, केशर यांचीच सद्दी आहे. गुलाबाला तिथे ठळक जागा नाही. गुलाब आला तो पश्चिमेकडून, आणि फूल म्हणून येण्याआधी बहुधा पाणी म्हणूनच आला. शब्दच ते सांगतो. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हे मुळात फुलाच्या अर्काचे नाव, ते आपण फुलालाच देऊन टाकले. 'गुलाबपाणी' म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो. कस्तुरीचा प्रवास नेमका उलटा झाला. फारसी 'मुश्क' या शब्दाचे मूळ संस्कृत 'मुष्क' म्हणजे अंडकोश या शब्दात मानले जाते. नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीच्या आकारावरून ते पडले असावे. तिथून तो शब्द ग्रीक-लॅटिनमार्गे युरोपात जाऊन इंग्रजीत 'मस्क' झाला. म्हणजे एका गंधाचे नाव इराणने आपल्याला दिले आणि दुसऱ्याचे आपण इराणला दिले.

या दोन्ही गंधांचे एकत्र येणे हिंदुस्थानाबाहेर आधीच झाले होते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी याच्या नावावरच्या सुगंधरसायनाच्या ग्रंथात शंभरावर कृती आहेत आणि त्यांत कस्तुरी व गुलाबपाणी दोन्ही येतात. इकडे माळव्यात मांडूच्या घियासशाही सुलतानांसाठी 1500च्या सुमारास तयार झालेल्या 'निमतनामा' या सचित्र पाकग्रंथात तर ही दोन्ही द्रव्ये थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहेत. दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात 'इत्र-ए-नवरसशाही' नावाचा फारसी ग्रंथ केवळ सुगंधांवर लिहिला गेला.

आणि मराठीत? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1940च्या दशकात 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मूळ संस्कृत, पण त्यावरची टीका मराठीत. गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 असा ठरवला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सुगंध बनवणाऱ्या माणसाला समजावे म्हणून कोणीतरी त्या काळी ते शास्त्र मराठीत उलगडून सांगत होते. अत्तर ही फक्त बादशाही चैन होती, ही आपली समजूत या एका पोथीने सैल होते.

बादशाही गोष्ट सांगायचीच तर ती जहांगीराच्या आत्मचरित्रातून घ्यावी. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले, असे आपण ऐकत आलो आहोत. जहांगीर मात्र त्याचे श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला देतो. 1614च्या सुमाराची ही नोंद आहे. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतल्यावर वर तवंग धरतो, हे तिने पाहिले आणि तो थोडाथोडा गोळा केला. त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' हे नाव सलीमा सुलतान बेगमने दिले आणि जहांगीराने शोध लावणारीला मोत्यांची माळ दिली. इटलीतल्या वैद्यांच्या नजरेला हे तेल सोळाव्या शतकातच पडले होते. तेव्हा 'जगात पहिला' हा मान बाजूला ठेवू. मुद्दा बाईच्या निरीक्षणाचा आहे. गुलाबतेलात मेणासारखा अंश असतो आणि तो गारव्यात गोठतो. म्हणून पुढे कारागीर गुलाबपाणी रात्रभर उघड्यावर ठेवून पहाटे साय काढावी तसा तवंग काढत. थंडीने हा गंध जमतो, तो असा अक्षरशः.

कनौजला आजही गुलाब अत्तर 'देग-भपक्या'ने काढतात. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेले, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते. भपक्यात चंदनतेल असते, ते गंध पिऊन घेते.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. बिशप हेबर हा 1824 साली गाझीपूरला गेला होता. एक रुपयाच्या वजनाइतक्या, म्हणजे तोळाभर अत्तराला दोन लाख गुलाब लागतात, असे त्याने लिहिले आहे. त्याच्या दीड-पावणेदोन शतके आधी फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने पाटण्याला एका फेरीत कस्तुरीचे 7673 कोश विकत घेतले. वजन भरले साडेपंचवीसशे औंसांवर. भागाकार केला तर एका कोशात जेमतेम एक तृतीयांश औंस, म्हणजे तोळ्याहूनही कमी. तोळाभर गुलाबाला दोन लाख फुले आणि तोळाभर कस्तुरीला एकाहून अधिक मृग. पुढच्या वसंतात झाड पुन्हा फुलते. मृग मात्र परत येत नाही. एका व्यापाऱ्याच्या एका खरेदीत साडेसात हजारांवर नर मारले गेले होते, आणि फासे-सापळे नर-मादी निवडत नाहीत.

इतक्या महाग मालात भेसळ ठरलेलीच. ताव्हेर्निये तिच्याबद्दल तक्रार करतो. पण आपल्या जुन्या गंधग्रंथांत कृत्रिम कस्तुरी बनवण्याच्या कृतीही दिलेल्या आहेत. ती लपवाछपवी नव्हती, एक विद्या होती. 1888 साली आल्बर्ट बाऊर या जर्मन रसायनज्ञाला स्फोटकांवर काम करताना योगायोगाने कस्तुरीसारखा वास सापडला. 1926 साली लिओपोल्ड रुझिच्का यांनी मस्कोनची रचना उलगडली. पुढे 1939 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज कुपीतली 'कस्तुरी' येते ती याच वाटेने.

भारतात कस्तुरीमृगाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. तरी हिमालयात चोरटी शिकार थांबलेली नाही, कारण 'असली' या शब्दाला गिऱ्हाईक आहे. परंपरेच्या नावाने आपण तो शब्द उच्चारतो तेव्हा त्या फाशाची दोरी थोडी आपल्याही हातात असते.

इतिहास पाहिला तर असलीपणाचा हा हट्ट परंपरेला धरूनही नाही. ज्या गंधाला आपण जुना म्हणतो, तो मिसळीतूनच तयार झाला. हिमालयातली कस्तुरी, इराणातले गुलाबपाणी, दक्षिणेतले चंदन, एका बाईने टिपलेला तवंग, एका अनामिक टीकाकाराने मराठीत उतरवलेली कृती. एक द्रव्य नसेल तर दुसरे शोधायचे, हेच या विद्येचे अंग होते. टिकले ते काय, तर ऋतू ओळखून गंध निवडण्याची रीत आणि आलेल्या माणसाच्या हाताला तो लावण्याचा रिवाज.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फाया फिरत असताना एका पाहुण्यांनी हात नाकाशी नेऊन विचारले, "वा! कस्तुरी खरी दिसतेय?"

"नाही," मी म्हटले, "म्हणूनच लावतोय."