धूर खाणारे जिवाणू : नाशिक ते पानिपत

इथे न्यू टाउनमध्ये सकाळी माझ्याबरोबर फिरायला एक बंगाली शेजारी असतात. परवा त्यांनी मोबाइलवर क्लिप दाखवली : कारखान्याचा धूर खाऊन इंधन बनवणारे जिवाणू. "कर्नलसाहेब, म्हणजे प्रश्न मिटला?" म्हटलं, थांबा. या घराण्याची आणि आम्हा फौजींची ओळख जुनी आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफांच्या कॉर्डाइटसाठी अ‍ॅसिटोन लागे. ते लाकडापासून काढत, आणि ते पुरेना. मँचेस्टरमध्ये खाइम वाइझमन (पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेच) यांनी क्लॉस्ट्रिडियम नावाच्या कुळातला एक जिवाणू शोधला. मक्याचं पीठ आंबवून तो अ‍ॅसिटोन देई. १९१७ मध्ये धान्याची टंचाई झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांना हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावलं. महायुद्धाच्या त्या धामधुमीत आपल्या नाशिकलाही अ‍ॅसिटोनचा कारखाना उभा राहिला. देवळालीला तोफखान्याचं शिक्षण घेतलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला निवृत्तीनंतर कळलं!

पण तो जिवाणू कार्बन डायऑक्साइड खात नव्हता, सोडत होता. खाणारा त्याचा चुलतभाऊ १९९४ मध्ये बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला, सशाच्या लेंड्यांतून. न्यूझीलंडमध्ये २००५ साली सुरू झालेल्या लान्झाटेकने त्याला कामाला लावलं. २०१८ मध्ये चीनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या वायूपासून इथेनॉल निघू लागलं. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. आता तिथे इंडियन ऑइलच्या रिफायनरीत याच तंत्राचा, दिवसाला १२८ किलोलिटर क्षमतेचा प्रकल्प उभा आहे.

आता खरी मेख. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून झालेली राख. राखेचं पुन्हा सरपण करायचं तर ऊर्जा बाहेरून आणावी लागते. पानिपतला ती त्याच वायूतल्या हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडमधून मिळते. शिवाय ते इथेनॉल गाडीत जळलं की कार्बन पुन्हा हवेत. म्हणजे कार्बन कोंडला जात नाही, एकदा जास्त वापरला जातो. तेवढं पेट्रोल वाचतं, आणि ऊस लागत नाही. त्याची किंमत मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

शेजाऱ्यांनी लगेच विचारलं, मग आमच्या दुर्गापूरला का नाही? पोलाद कारखाने तो वायू बहुधा भट्ट्या तापवायला आणि वीज करायला वापरतात. जिवाणूंना दिला, तर ती वीज आणायची कुठून? कोळशातून आणली तर धूर नुसता एका चिमणीतून दुसऱ्या चिमणीत गेला.