‘जरा’ या शब्दाची किंमत

बैठकीत कुणाचा हप्ता थकला की ती म्हणते, “ताई, जरा अडचण आहे.” त्या ‘जरा’मागे काय काय दडलेलं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. मोठं संकट लहान करून सांगायची सवय इंग्रजांनाही आहे. त्या सवयीची एक जुनी गोष्ट आज सांगते.

१९५१ चा एप्रिल महिना. कोरियात युद्ध पेटलं होतं. एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि त्याच्या मदतीला अमेरिका, ब्रिटन अशा देशांच्या फौजा. २२ तारखेला चिनी सैन्यानं इमजिन नदीवर मोठा हल्ला केला. ब्रिटनच्या ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक पलटण तिथं टेकडीवर चारही बाजूंनी वेढली गेली.

त्यांचे ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांना वरच्या अमेरिकी सेनापतींनी परिस्थिती विचारली. ब्रॉडी म्हणाले, “अ बिट स्टिकी.” शब्दशः अर्थ ‘जरा चिकट’. इंग्रज माणसाला यातून कळतं की प्रसंग फार बाका आहे. अमेरिकी माणसाला वाटलं, थोडं जड जातंय, पण निभावतील. म्हणून लगेच माघारीचा हुकूम निघाला नाही, असं सांगतात. पराभवाची आणखीही कारणं होती. पण २५ तारखेपर्यंत दारूगोळा संपत आला. थोडेच निसटले, पाचशेहून जास्त शिपाई कैद झाले. त्यातले बहुतेक १९५३ मध्ये सुटले, काही तिथंच वारले.

भाषा दोघांची एकच, इंग्रजी. तरी शब्दाचं वजन दोघांनी वेगवेगळं धरलं.

आमच्या गटातली एक बाई म्हणाली होती, “जरा अंगावरून जातंय.” मीही ‘जरा’च ऐकलं आणि पुढचा विषय घेतला. दोन महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली, अंगात रक्तच उरलं नव्हतं. “किती दिवसांपासून?” एवढं मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे चारचौघांत ठीक. पण गटात, बँकेत आणि दवाखान्यात मूठ उघडा. किती रुपये, किती दिवस, किती त्रास, ते आकड्यात सांगा. आणि समोरची ‘जरा’ म्हणाली, तर “जरा म्हणजे किती गं?” असं नक्की विचारा.