नाटकाचा दिवस : मंडईपासून मेट्रोपर्यंत

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, त्याच्या थोडंसं आधी, १ मे १९९९ रोजी, भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नकाशा बदलला, कचेऱ्या बदलल्या, पण एक सवय दोन्हीकडे तशीच राहिली. आपल्या भागातला माणूस नुसतं नाटक पाहत नाही, तो नाटकाचा दिवस काढतो. सकाळपासून तयारी, पाहुणे, डबे, गाडीची सोय, मग नाटक, आणि परत येताना त्याची चर्चा. पंचवीस वर्षांच्या या स्मरणिकेत पाण्याची टाकी, कंपाउंड, लिफ्ट यांचा इतिहास येईलच. म्हटलं, या दिवसाचाही थोडा इतिहास लिहून ठेवावा. कारण आपल्याच इमारतीतली काही मुलं दहावी-बारावीला पोहोचली, तरी त्यांनी पडदा वर जाताना एकदाही पाहिलेला नाही.

नाटक गावात यायचं तेव्हा

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. आपल्याकडची गोष्ट त्यात फारशी येत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीचा मुलूख, म्हणून झाडीपट्टी. इथे दंडार, खडी गंमत, गोंधळ ही लोकांची करमणूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि त्याच मातीत झाडीपट्टीची रंगभूमी वाढली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथली लोककला यांचा अभ्यास करून हे सारं कागदावर आणलं, म्हणून आज ते नावानिशी सांगता येतं.

या रंगभूमीचं वेळापत्रक धानाने ठरवलं. दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येतो, चुरणं होतं, कास्तकाराच्या हातात थोडा पैसा खुळखुळतो आणि थंडी पडते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. कुठे शंकरपट असतो. तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. देसाईगंज म्हणजे आपलं वडसा हे नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. गावातलं मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवतं, तारीख घेतं, तिकीट लावतं आणि खर्च जाऊन काही उरलं तर गावाच्या कामाला वापरतं.

आता त्या दिवसाची आखणी बघा. सकाळी लेकी-जावई, सोयरे येणार. बैलबंडीने यायचे, पुढे सायकलने, मग फटफटीने आणि आता चारचाकीने. दुपारी जेवण, मग मंडई. गोवाऱ्यांचा नाच, खेळण्यांची दुकानं, लहान मुलांच्या हातात फुगे. पट असेल तर सगळा गाव धावपट्टीच्या काठावर. संध्याकाळी उपवर मुलामुलींच्या गोष्टी निघायच्या. आपल्या भागात कितीतरी सोयरिकी मंडईच्या ओसरीवर जमल्या, हे जुन्या माणसांना विचारून पाहा. रात्री नऊ-दहाला घोंगडी, चादरी, सतरंज्या घेऊन मंडपात, आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत नाटक. रात्रभर का? कारण अर्ध्या रात्री नाटक संपलं असतं तर दुसऱ्या गावच्या माणसाने अंधारात जंगलातून जायचं कसं? उजाडल्यावर सुटलेला प्रेक्षक सुखरूप घरी जातो. म्हणजे प्रेक्षकांच्या परतीचा विचार आधीच केलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

भंडारा रोडवरून नागपूर

दुसरी वाट पश्चिमेला जाते. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी बनलं. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि काही वर्षांतच कलकत्त्यापर्यंतचा मार्ग पुरा झाला. आपलं स्टेशन मात्र शहरात आलं नाही, ते वरठीला. नावही ‘भंडारा रोड’. म्हणून भंडाऱ्याच्या माणसाच्या नागपूरवारीत एक टप्पा कायम जास्तीचा. आधी वरठी गाठा, मग गाडी धरा.

भंडारा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतं. कोर्टाचं काम, कॉलेज, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं नागपूरलाच. त्यामुळे नाटकासाठी म्हणून कोणी निघत नसे, पण कामाला गेलेला माणूस नाटक पाहूनच परतत असे. संगीत नाटकांचा तो काळ. अंक पाच, पदांना ‘वन्समोअर’ आणि प्रयोग मध्यरात्र ओलांडून चाललेला. परतीची गाडी सकाळीच. म्हणून दिवस असा लागायचा: सकाळच्या गाडीने जायचं, दुपारी काम उरकायचं, महाल किंवा इतवारीतल्या नातेवाइकांकडे पिशवी टाकायची, रात्री नाटक, आणि दुसऱ्या दिवशी परत. ज्याचं नागपुरात कोणी नाही, त्याला नाटकही नाही. बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. मुक्कामाचं घर ओळखीचं असेल तरच त्यांचं जाणं व्हायचं.

नागपूर हे नुसतं नाटक पाहायचं गाव नव्हतं, ते नाटकवाल्यांचंही गाव. राम गणेश गडकऱ्यांनी शेवटचा श्वास घेतला तो याच जिल्ह्यात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्यांची रंजन कला मंदिर ही संस्थाही इथलीच. १९६७ साली रंगमंचावर आलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ त्यांचं. त्यातले खाँसाहेब म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. त्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, पण गाण्याचे पहिले धडे नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे. महेश एलकुंचवारांनीही नागपुरात राहूनच लिहिलं. त्यांचा १९८५ साली रंगमंचावर आलेला ‘वाडा चिरेबंदी’ वऱ्हाडातल्या मोडत्या वाड्याचा आहे. आपल्याकडच्या ज्या कुटुंबांनी गावचा वाडा सोडून शहरात ब्लॉक घेतला, त्यांना ते नाटक समजावून सांगावं लागत नाही.

लाल डब्याचे दिवस

एसटी आल्यावर दिवस बदलला. भंडारा ते नागपूर साठ-बासष्ट किलोमीटर. शहापूर, खरबी, मौदा, कन्हानचा पूल, कापसी, पारडी आणि गणेशपेठचा स्टँड. आता एका दिवसात जाऊन येणं जमू लागलं. सीताबर्डीवर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं धनवटे रंगमंदिर होतं. संघ १९२३ सालचा, रंगमंदिर बरंच नंतरचं. मुंबई-पुण्याच्या नाटकांचे दौरे तिथे लागायचे. आज ती जुनी इमारत नाही, त्या जागी संघाचं सांस्कृतिक संकुल उभं आहे. पण आपल्यातल्या साठीपलीकडच्या मंडळींना ‘धनवटे’ म्हटलं की चौकच दिसतो.

त्या काळच्या दिवसाचा क्रम जवळपास ठरलेला. सकाळी लवकरची बस. उतरल्यावर तर्री-पोहे. मुलं सोबत असली तर महाराजबाग किंवा अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय आजही आहे (सोमवारी बंद, हे ध्यानात ठेवावं). मग टेकडीच्या गणपतीचं दर्शन, बर्डीवर साड्या-कापड, मोदीच्या गल्ल्या, संत्र्याची बर्फी, आणि संध्याकाळी नाटक. डबा घरचाच.

पण या सगळ्या दिवसावर एकाच गोष्टीची सावली असायची, शेवटची बस. तिसऱ्या अंकाला लोक घड्याळ पाहायला लागायचे. नाटकाचा शेवट काय झाला हे माहीत नसलेली माणसं भंडाऱ्यात पुष्कळ होती, आणि त्याचं कारण एवढंच, की ती वेळेवर स्टँडवर पोहोचली! खेड्यातल्या मंडपाने परतीची सोय पहाटेवर सोपवून सोडवली होती. शहरातल्या नाट्यगृहाला ती सोडवता आली नाही. मग घरात वाटणी व्हायची. पुरुष जायचे, तरुण जायचे. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया ‘तुम्ही जाऊन या, आम्हाले सांगा मंग’ म्हणून मागे राहायच्या.

आज काय आहे

आज रस्ता चौपदरी आहे, घरोघरी गाड्या आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. रेशीमबागेत महापालिकेचं कविवर्य सुरेश भट सभागृह सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं, दोन हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं मोठं. २०१९ साली नव्व्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन नागपुरातच भरलं, अध्यक्ष होते प्रेमानंद गज्वी. ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रो पूर्वेला प्रजापतीनगरपर्यंत धावते. भंडाऱ्याकडून शिरताना ते आपल्याला पहिलंच स्टेशन. तिथे गाडी सोडली की सेंट्रल एव्हेन्यूची गर्दी डोक्यावरून पार होते आणि त्याच मार्गावर सीताबर्डीच्या पुढचं स्टेशन झाशी राणी चौक. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. नाटकही आता दोन अंकी, अडीच-तीन तासांचं.

म्हणजे सोयी वाढल्या. मग जाणं का वाढलं नाही? टीव्ही आणि मोबाइल हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच. एकेकटी गाडी काढून रात्री अकराला महामार्गावरून परतायचं, हे सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. मुलं पुण्या-बंगळूरला. अर्ध्या तिकिटाचा फायदा खरा, पण मेट्रो आणि बस दोन्हींना रात्रीची मर्यादा आहेच. अडचण पूर्वी होती तीच आहे, परतीची. आणि ती एकट्याने सुटत नाही, मिळूनच सुटते.

तिकडे पूर्वेच्या वाटेवरही धक्के बसले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि शंकरपट थांबले. पटाच्या आधाराने होणारी दिवसभराची गर्दी गेली, तिचा फटका रात्रीच्या तिकीटविक्रीला बसला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात कोरोनाने हंगाम बुडवला. तरी झाडीपट्टी उभी राहिली. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातला हा कलावंत, पाच हजारांवर प्रयोग केलेला. त्यांचं नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणी राग मानू नये. ब्लॉकमध्ये राहायला आल्यावर आपल्यातल्या काहींना झाडीपट्टीचं नाटक ‘गावठी’ वाटायला लागलं. बासष्ट किलोमीटरवर नागपूरला पाचशेचं तिकीट काढून जाणारा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरवर मामाच्या गावच्या मंडईला मात्र ‘वेळ नाही’ म्हणतो. पण नाटकाची आवड आपल्याला लागली ती त्या मंडपातच. तिकडची वाट बंद केली तर नागपूरची वाटही फार दिवस राहणार नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी

म्हणून सोसायटीपुढे एक साधी सूचना ठेवतो. वर्षातून दोन दिवस नाटकाचे. एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा.

पश्चिमेचा दिवस रविवारचा. भाड्याने एकच बस, दारातून दारापर्यंत. सकाळी आठला निघायचं. मुलांसाठी गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र (१९९२ सालचं), मोठ्यांना हवं तर दीक्षाभूमी. दुपारचं जेवण एकत्र, त्यानंतर ज्येष्ठांसाठी दोन तास विसाव्याची जागा आधीच ठरवून ठेवायची. हे विसरलं की म्हातारी माणसं पहिल्या अंकातच डुलकी घेतात! नाटक शक्यतो दुपारचं किंवा संध्याकाळच्या पहिल्या खेळाचं घ्यायचं. तिकिटं एकगठ्ठा काढायची आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना कडेच्या खुर्च्या द्यायच्या. बस थेट सभागृहाच्या दारात लागेल, म्हणजे तिसऱ्या अंकाला घड्याळ पाहायला नको.

पूर्वेचा दिवस दिवाळीनंतरचा. लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, कुठल्याही बाजूला आपल्यापैकी कोणाचं तरी गाव आहेच. दुपारी मंडई, ओळखीच्या घरी जेवण, रात्री मंडपात. थंडीचे कपडे आणि सतरंज्या सोबत. ज्यांना जागरण झेपत नाही, ते मध्यरात्री बसमध्ये जाऊन झोपतील आणि पहाटे सगळे मिळून परत.

या दोन दिवसांना पैसा फार लागत नाही, माणसं लागतात. यादी करणारा एक, तिकिटं काढणारा एक, ज्येष्ठांकडे पाहणारे दोघं. पंचवीस वर्षांत आपण पाणी, वीज, गटार असे प्रश्न मिळून सोडवले, तर एक बस ठरवणं काही अवघड नाही. मागे राहून ‘आम्हाले सांगा मंग’ म्हणणाऱ्या आपल्या आया-आजींना शेवटच्या अंकाचा पडदा पडेपर्यंत निवांत बसता आलं, तर या रौप्यमहोत्सवाचं चीज झालं असं म्हणता येईल. पहिल्या फेरीची यादी सोसायटीच्या फळ्यावर लावू. नावं लवकर द्या.